चुटकीने झाडावर चढावे
(न्यासाच्या महोत्सवी मेळाव्यात, बालविभागाच्या सत्रात केलेले भाषण)



‘मुलांची करमणूक’ ह्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा हे काम सोपे आहे असे आम्हांला वाटले. मोठ्या विषयांवर बोलावयास मोठी माणसे आहेतच. आमच्या वाट्यास हलका विषय आला म्हणून आम्ही मनातल्या मनात सुटकेचा श्वासही सोडला. पण तयारीसाठी म्हणून आठ-दहा संध्याकाळी वसतिगृहातल्या मुलामुलींबरोबर टीव्हीसमोर बसलो आणि विषय हलका नाही हे कळून चुकले.

मुले ज्याला कार्टून म्हणतात ती हलती चित्रे आपल्या ह्या जिल्ह्यात कधी तेलुगूत लागतात, कधी हिंदीत. आणि ती पाहता पाहता पोरे भांडतात मात्र मराठीत. पूर्वी आपल्या घरांतून तेलुगू ‘चंदमामा’ आणि मराठी ‘चांदोबा’ शेजारी शेजारी पडलेले असत, तसाच हा प्रकार आहे. चौथीतली एक चिमुरडी आमच्या शेजारी बसली होती. पडद्यावर छोटा भीम कड्यावरून उडी घेत होता. ती आमच्याकडे न पाहताच म्हणाली, “आजोबा, चुटकी कवा चढते झाडावर?” आम्ही म्हणालो, “चढत असेल की एखाद्या दिवशी.” त्यावर ती म्हणाली, “म्या तर रोज बघते. ती लाडूच देते.”

ह्या एका वाक्याने आमचे ठरलेले भाषण बाजूस पडले. आज जे बोलणार आहोत ते त्या मुलीला द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे.

छोटा भीम ही काही परक्या मुलखाची वस्तू नव्हे. ती आपल्या हैदराबादेत तयार होते. राजीव चिलका ह्यांच्या ग्रीन गोल्ड ह्या संस्थेने ती निर्मिली आणि २००८ पासून ती पोगो वाहिनीवर दिसू लागली. अमेरिकेच्या आणि जपानच्या चित्रांनी भरलेल्या बाजारात धोतर नेसलेला, लाडू खाणारा एक गावठी पोर उभा राहिला आणि टिकला, ह्याचा अभिमान आम्हांलाही आहे. चुटकीवरही अन्याय करावयाचा नाही. ती शहाणी आहे, धीट आहे, प्रसंगी दोन हातही करते. परंतु मांडणी कशी आहे ती पाहा. भीमाला बळ येते लाडवांनी. लाडू वळते टुनटुन मावशी, म्हणजे चुटकीची आई. आणि वेळेवर ते भीमाच्या हाती पडतात चुटकीमुळे. बळाचा झरा सगळा मायलेकींच्या हाती, आणि पराक्रम सगळा त्याच्या नावावर! आपल्या घरांत डोकावून पाहिले तर ही मांडणी चित्रकाराने कोठून उचलली हे निराळे सांगावयास नको.

ह्याहून बोलकी गोष्ट २०२० च्या जून महिन्यात घडली. भीमाने चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केले अशी आवई समाजमाध्यमांवर उठली, आणि चांगली शिकलेली, जाणती माणसे ‘चुटकीला न्याय द्या’ म्हणून हजारोंनी लिहू लागली. शेवटी निर्मात्यांना खुलासा करावा लागला, की ही पात्रे लहान मुले आहेत, त्यांचे लग्नबिग्न काही लागलेले नाही. हा सारा विनोदाचाच भाग होता हे आम्ही जाणतो. पण विनोदातूनही माणसाचे मन कळते. बारा वर्षे ज्या मुलीला आपण रोज पाहत होतो, तिच्यावर अन्याय झाला असे आपल्याला केव्हा वाटले? तिला कडा चढू दिला नाही तेव्हा नाही. तिचे लग्न मोडले असे ऐकले तेव्हा!

जपानच्या ‘डोरेमॉन’ची तीच तऱ्हा. त्यातली शिझुका अभ्यासात चांगली आहे, मनाने प्रेमळ आहे. सहलींनाही ती जाते. पण मुलांच्या मनावर ठसते ते हे, की ती पुनःपुन्हा आंघोळ करताना दिसते आणि ती नोबिताची होणारी बायको आहे. मुलाच्या बाबतीत गोष्ट विचारते, हा पुढे काय करणार? मुलीच्या बाबतीत विचारते, ही पुढे कोणाची होणार?

येथे कोणी म्हणेल, की वेगळी चित्रेही आहेत. आहेत. निकेलोडियन ह्या अमेरिकन वाहिनीवर १९९९ ते २००४ ह्या काळात ‘रॉकेट पॉवर’ नावाची मालिका होती. समुद्रकाठच्या गावातली चार पोरे लाटांवर फळी घालतात, चाकांच्या फळीवरून जिने उतरतात, बर्फावरून घसरतात. त्या चौघांत रेजी ही एक मुलगी. ती आपल्या भावाहून वयाने थोरली, खेळात त्याच्या तोडीची, आणि वर स्वतःचे एक छोटेसे नियतकालिक काढणारी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे पडद्यावर आले ही मोठीच गोष्ट होय. पण ती चौघांत एकटीच आहे, हेही नजरेआड करून चालणार नाही. अशा चित्रांतली एकटी मुलगी बहुधा सिद्ध करण्याच्या कामाला जुंपलेली असते. कोणी पोरगा “तुला हे जमायचे नाही” असे हिणवतो, ती जिद्दीला पेटते, जिंकते, पोरे माना खाली घालतात, आणि गोष्ट संपते. पाहताना आम्हीही टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मात्र मनात आले, की ती पडली असती तर? दुसरी आली असती तर? मग त्या हिणवणाऱ्या पोराचे म्हणणे खरे ठरले असते काय?

मुलग्यांना ही अट नाही. नोबिता बिचारा रोज नापास होतो, रोज मार खातो, धावताना पडतो, चेंडू त्याला झेलता येत नाही. आणि तरीही गोष्टीचा नायक तोच आहे. आपल्या मराठीत भा. रा. भागवतांनी ‘फास्टर फेणे’ लिहिला. तो सायकलवरून काय धडपडतो, किती अडचणीत सापडतो! धडपडणे हाच त्याचा गुण, आणि म्हणून तो आम्हांला इतका आवडला. पडण्याची मोकळीक हीच खेळाची पहिली पायरी आहे, आणि ती आपण अर्ध्या मुलांनाच देतो, हे आमचे आजचे मुख्य गाऱ्हाणे आहे.

आता पडद्यावरून जमिनीवर येऊ. तेथे काय दिसते?

गोदावरीपलीकडे, आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात पाकाला नावाचे गाव आहे. तेथील शेतमजूर आईबापांची मुलगी मालावत पूर्णा सरकारी समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. भोंगीरच्या प्रचंड खडकावर तिने दोराने चढणे शिकले, पुढे दार्जिलिंगला शिक्षण घेतले, आणि २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पुरी व्हायला महिनाही उरला नसताना, तिबेटच्या बाजूने ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. त्या वयात तेथे पोहोचलेली ती पहिली मुलगी. पुढे २०२२ पर्यंत तिने सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे पुरी केली. तिच्याबरोबर खम्मम जिल्ह्यातला साधनपल्ली आनंदकुमार हा मुलगाही माथ्यावर गेला होता.

आपल्या उत्तरेस चंद्रपूर. १९५६ पर्यंत राजुरा तालुका आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. राज्यांची फेरमांडणी झाली आणि सोयरिकी इकडे, सातबारा तिकडे, अशी अनेक घरांची गत झाली. त्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतील मुलांना महाराष्ट्र शासनाने ‘मिशन शौर्य’ ह्या मोहिमेत एव्हरेस्टवर पाठविले, आणि २०१८ च्या मे महिन्यात पाच विद्यार्थी माथ्यावर पोहोचले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. निघाले ते सगळेच माथा गाठू शकले नाहीत. जे अलीकडून परतले, त्यांनाही आम्ही तितकेच मानतो.

तिसरे नाव आशा गोंड हिचे. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार हे लहानसे खेडे आहे. उलरिके राइनहार्ड ह्या जर्मन बाईंनी तेथे २०१५ च्या सुमारास सिमेंटचे एक उंचसखल मैदान बांधले आणि मुलांना चाकांच्या फळ्या दिल्या. मैदानावर नियम दोनच: शाळेला दांडी मारली तर फळी नाही, आणि आधी मुली. म्हणजे मुलाच्या हाती फळी आहे आणि मुलगी उभी आहे, तर फळी तिला द्यावयाची. भाषणे नाहीत, शपथा नाहीत. त्या गावची आशा २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारताच्या बाजूने उतरली. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जमणाऱ्या आपल्या गोंड बांधवांच्या पोरींनी हे नाव ऐकले आहे काय, असे आम्ही गेल्या महिन्यात विचारून पाहिले. एकीनेही ऐकले नव्हते. भीम मात्र सगळ्यांना ठाऊक होता.

आणि पुण्याच्या शीतल महाजन! १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून हवाई छत्रीने उडी घेतली, तीही आयुष्यातली पहिलीच उडी. पुढे दक्षिण ध्रुव झाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली. नऊवारीने हालचालीला अडचण होते असे म्हणणाऱ्यांनी लावणी, शेतातली निंदणी आणि ही उडी तिन्ही एकदा विचारात घ्यावीत.

तेव्हा मुलींना हे जमते की नाही, हा प्रश्न मिटला आहे. मग अडते कोठे?

एक जुनी सबब प्रकृतीची. ही सबब आपल्याच अडाणी खेड्यांतली असे कोणी समजू नये. बर्फावरच्या उंच उडीचा खेळ स्त्रियांना वैद्यकीय दृष्ट्या योग्य दिसत नाही, असे आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे अध्यक्ष २००५ साली, म्हणजे अगदी कालपरवा, बोलून गेले. ऑलिंपिकमध्ये ह्या खेळाची दारे स्त्रियांना २०१४ साली उघडली. पुरुष तेथे १९२४ पासून उड्या मारीत होते! दुसरी सबब पैशाची. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेत लाटांवरच्या खेळाच्या एका स्पर्धेत कुमार विजेत्याच्या हाती ८,००० रँडचा आणि कुमारी विजेतीच्या हाती ४,००० रँडचा धनादेश होता, आणि दोघे हसत शेजारी उभे होते. ते छायाचित्र जगभर फिरले, ओरड झाली, आणि त्याच वर्षी जागतिक सर्फ लीगने पुढच्या वर्षापासून बक्षिसे समान करण्याचे जाहीर केले. लाटा दोघांना सारख्याच उंच होत्या, हे समजावयास इतका वेळ लागला.

आपल्याकडची सबब मात्र निराळी आहे, आणि ती कोणी उघड बोलत नाही. ती अशी, की पोर पडली, हात मोडला, चेहऱ्यावर व्रण राहिला, तर पुढे काय? ‘पुढे’ म्हणजे काय हे सर्वांना कळते. पाहा, आपण पुन्हा चुटकीच्या लग्नापाशीच येऊन पोहोचलो.

चिंचेचे झाड हे आपल्या भागातले साहसी खेळाचे पहिले मैदान. आठ-नऊ वर्षांची पोर भावाच्या आधी शेंड्याला जाते आणि आपण कौतुकाने म्हणतो, वानर आहे नुसती. बाराव्या वर्षी तीच आई, तीच आजी खालून हाका मारते: “उतर खाली, आता लहान नाहीस.” भावाला तशी हाक कोणी मारीत नाही. हलत्या चित्रांतली चुटकी वर्षानुवर्षे तेवढीच राहते; आपल्या पोरी मात्र मोठ्या होतात, आणि ज्या वर्षी अंगात बळ येते नेमक्या त्याच वर्षी त्यांना उतरवले जाते. पूर्णा त्याच वयात खडकाला भिडली. तिच्या शाळेने तिला खाली ये म्हणून हाक मारली नाही, हा तिच्या भाग्याचा मोठा भाग आहे असे आम्हांला वाटते.

येथे आपल्या घरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्या न्यासाची सहल माहूरगडला गेली होती. व्यवस्था आमच्याकडे होती, तेव्हा दोषही आमचाच. रेणुकामातेचे दर्शन झाले. जेवणानंतर मुलांना किल्ल्याची पडकी तटबंदी चढावयास दोन शिक्षकांबरोबर पाठविले आणि मुलींना सामान राखावयास झाडाखाली बसविले. कोणी काही बोलले नाही. दोन तासांनी पोरे गुडघे फोडून, धुळीने माखून, वाघ मारल्याच्या थाटात परत आली. मुलींनी त्यांना पाणी दिले आणि डब्यांतले उरलेले लाडू दिले. हो, लाडूच होते! त्या वेळी आम्हांला त्यात काही वावगे दिसले नाही. त्या आधीच्याच तासाला त्याच मुली आपापल्या आजीला हात देऊन अनसूयामातेचे शिखर चढून आल्या होत्या, हेही लक्षात आले नाही. देवाला जाताना चढ चालतो. खेळाला जाताना चालत नाही. चित्रपट काढणाऱ्यांना आम्ही कोणत्या तोंडाने बोल लावावा?

चित्रे सुधारावीत हे खरेच. ती सुधारू शकतात ह्याचा दाखला आपल्याजवळ आहे. युनिसेफने नव्वदीच्या दशकात दक्षिण आशियातील मुलांसाठी ‘मीना’ ही चित्रमालिका काढली. मुंबईचे थोर चित्रकार राम मोहन त्यात अग्रभागी होते. नऊ वर्षांची मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट. एका भागात आंबा वाटताना राजूला मोठा वाटा मिळतो, मीनाला लहान. मग बहीणभाऊ एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि राजूला दिवस मावळेपर्यंत कळून येते की मोठ्या वाट्याचे काम कोणाकडे आहे. त्यात ना कडा, ना उडी. तरी आम्हांला वाटते, साहसी खेळाचा प्रश्न तेथेच सुरू होतो, कारण संध्याकाळी खेळावयास कोण मोकळा सुटतो हे घरातल्या कामांच्या वाटणीवरून ठरते. भांडी राहिली असतील तर कसली फळी आणि कसला दोर!

आणि एक चित्र, काढलेले नव्हे, खरे. २०१५ साली ब्राझीलमधील रेसा लियाल ही सात वर्षांची मुलगी निळा परीचा झगा घालून, पाठीला पंख लावून चाकांच्या फळीवर पायऱ्यांवरून उडी घेत होती. दोनदा पडली. तिसऱ्यांदा साधली. ते चित्रण जगाने पाहिले. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला तेव्हा तेराव्या वर्षी तिने रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक मिळाले तीही जपानची तेरा वर्षांचीच मुलगी. त्या जुन्या चित्रणातला आम्हांला सर्वांत आवडणारा भाग पदकाचा नाही, पहिल्या दोन पडण्यांचा आहे. पंख वाकडे झाले आहेत, आणि ती उठून फळी उचलून पुन्हा वर चालली आहे. आमच्या शेजारच्या चिमुरडीला आम्ही ते दाखविले. तिने तीनदा पाहिले आणि विचारले, “तिची माय ओरडली नाही?”

म्हणून आमची विनंती पूर्णेसारख्या मुली घडवा अशी नाही. पूर्णा, मनीषा ही नावे पुढे करून पुन्हा नवी अट घालावयाची, की एव्हरेस्ट चढणार असशील तरच चिंचेवर चढ, हा उफराटा न्याय झाला. एव्हरेस्टवर न जाणाऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्या येणाऱ्या, मध्येच भिऊन परतणाऱ्या मुलींसाठी आम्ही बोलत आहोत.

विश्वस्त मंडळापुढे आमचे मागणे लहान आहे. येत्या हिवाळ्यात सुटीत खडकावर चढण्याचे चार दिवसांचे शिबिर घ्यावे. दोर, शिरस्त्राणे आणि जाणता शिक्षक ह्यांवाचून कोणालाही, मुलग्यालाही, खडकाला हात लावू देऊ नये. ह्या कामी काटकसर नको. जनवारचा नियम आपणही घ्यावा: नावे आधी मुलींची. स्वयंपाकाची पाळी मुलगे आणि मुली दोघांना सारखी. आणि शिबिराचे चित्रण करून वसतिगृहाच्या त्याच टीव्हीवर महिन्यातून एकदा दाखवावे, म्हणजे आपल्या पोरींना पडद्यावर आपलीच तोंडे दिसतील. खर्चाचा पहिला भाग आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देत आहोत. तो मोठा नाही, म्हणून आकडा सांगत नाही.

नोंदवही दाराशी, पुस्तकांच्या मेजावर ठेवली आहे. सकाळपासून मुलींची सात नावे आली आहेत. त्यांपैकी चार पेन्सिलीने लिहिलेली आहेत. घरी विचारून मग शाईने लिहू, असे त्या मुली म्हणाल्या. त्यांचे आईवडील आत्ता येथेच बसलेले आहेत.